जमिनीचा रकाना

इंद्रभानचं हजेरीपुस्तक कुणीही उघडलं की पहिल्यांदा एकच प्रश्न विचारी : "हे छापलेलं हाय काय बे?" छापलेलं नसे. बोरू सोडून टाक हाती घेतल्यापासून त्याच्या अक्षराला ते वळण लागलं होतं. नावं एका रेषेत, आकडे एकाखाली एक, आणि पानाच्या डोक्यावर लाल शाईनं मथळा. खाडाखोड झाली तर तो अख्खं पान पुन्हा लिही.

तो मूळचा डोणगावचा. घरी भाऊ वांगी-कांदे पिकवत आणि बाजारात नेत. इंद्रभान मॅट्रिक झाला, खामगावला एक वर्ष कॉमर्स शिकला, आणि वडील गेल्यावर परत आला. मग अडत्याकडे मापाच्या चिठ्ठ्या लिहिणं, सोसायटीत बदली कारकून, शाळेच्या मास्तरांचं पगारपत्रक, अशी फुटकळ कामं करत तो चौतिशीला पोचला. बायको पुष्पाबाई, दोन मुली. कायमची नोकरी मात्र हाती लागली नव्हती.

बहात्तर साली पावसानं दगा दिला आणि जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली, तेव्हा अमडापूरच्या पुढं चार मैलांवर एका पाझर तलावाच्या कामावर त्याला हजेरी कारकून म्हणून घेतलं. रोजंदारीवरच, पण कचेरीतल्या अव्वल कारकुनानं सांगितलं होतं, "पावसापर्यंत नीट काम कर, तुझं नाव पुढं पाठवतो." त्या एका वाक्यावर इंद्रभान उठत-बसत होता.

राहायला जागा दिली उकंडरावांनी. कामाजवळच्या गावातले मोठे जमीनदार, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. तलावाखाली गेलेल्या जमिनीत त्यांचाही एक तुकडा होता. त्यांच्या वाड्याच्या बाजूची खोली त्यांनी इंद्रभानला दिली आणि भाड्याचा विषय काढू दिला नाही. "तू आपला माणूस. आपल्या माणसापासून भाडं घ्यायचं, तर गाव कायले म्हणायचं?"

कामावर तीनशेच्या आसपास माणसं होती. निम्मी वरच्या आळीची, शेतकरी कुणब्या-माळ्यांची. निम्मी खालच्या आळीची, बौद्ध आणि मातंग समाजाची. पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे नारळ फुटला. रिवाज असा, की नारळ फोडणारा ज्या जागी पहिली कुदळ मारतो तिथून त्याच्या आळीची ओळ धरायची, आणि बाकीच्यांनी तिच्या पुढं. उकंडराव गाडीवाट सोडून पार पूर्वेच्या अंगाला चालत गेले आणि तिथं नारळ फोडला. त्यांचंच शेत होतं ते. कुठं काळी माती आणि कुठं हातभराखाली खडक, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? वरच्या आळीच्या वाट्याला माती आली. खालच्या आळीच्या वाट्याला पश्चिमेचा कडक मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. कागदावर सगळी जमीन 'मऊ' होती, कारण अंदाजपत्रक करणाऱ्यानं एकाच जागी खड्डा घेऊन पाहिलं होतं.

इंद्रभानला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. पण रिवाज तो रिवाज, आणि खोली उकंडरावांची. त्यानं फक्त आपल्या सोयीसाठी पुस्तकाची पानं आळीप्रमाणे पाडली, कारण ओळी वेगळ्या, पाण्याचे पिंप वेगळे आणि हजेरीला माणसं उभी राहत तीही वेगळी. सरकारनं असं काही मागितलं नव्हतं. पण पानावर ते नीट दिसे.

फेब्रुवारी संपता संपता मुंबईहून शंकरराव आले. सरकारला दुष्काळाबाबत सल्ला देणाऱ्या एका समितीवर ते होते. जीपमधून उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते. खालच्या आळीची निम्मी माणसं बाभळीखाली आडवी झाली होती. ऊन चढायच्या आत निघेल तेवढा खडक काढावा म्हणून ती पहाटे चारला कामावर येत, आणि उन्हं तापली की लोखंडी पहार हातात धरवत नसे. पूर्वेकडं मात्र माती उपसणं चालू होतं.

शंकरराव तुसडे नव्हते. त्यांनी इंद्रभानला आपल्या थर्मासमधला चहा दिला, हजेरीपुस्तक चाळलं आणि मनापासून म्हणाले, "इतकं व्यवस्थित काम मी सात जिल्ह्यांत पाहिलं नाही. तुमचं शिक्षण?"

"कॉमर्स जी. एक वर्ष."

"दिसतंच. मला एक गोषवारा द्याल? आळीवार. दहा माणसांची टोळी आठवड्याला किती ब्रास खोदकाम काढते, एवढाच."

अर्ध्या तासात इंद्रभाननं तो करून दिला. त्याचा हात इतका झरझर कधी चालला नव्हता. वरची आळी, टोळीमागे अठरा ब्रास. खालची आळी, नऊ. कागद आडवा धरून त्यानं पाच रकाने पाडले होते. जमीन कसली, हा सहावा रकाना पाडावा असं त्याच्या मनात एकदा येऊन गेलं. पण तो तपशील दर शनिवारी माप घेणाऱ्या ओव्हरसियरच्या वहीत असायचा, आणि तिथं तर सगळीच जमीन मऊ होती. शिवाय जागा उरली नव्हती.

"हे झोपलेत ते कोणत्या आळीचे?" जाताना शंकररावांनी विचारलं.

"खालच्या, साहेब."

"हं," एवढंच ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मार्चच्या मध्यावर इंद्रभान हजेरीपत्रकं द्यायला चिखलीच्या कचेरीत गेला, तेव्हा अव्वल कारकुनानं त्याच्यापुढं सायक्लोस्टाईल केलेली चार पानं टाकली. "घे, तुझा तक्ता मुंबईले जाऊन आला. नाव काढलंस."

तक्ता त्याचाच होता. रेषासुद्धा त्याच्या. वर शंकररावांची टिप्पणी होती. इंद्रभाननं ती उभ्यानं वाचली, मग बाकावर बसून वाचली. 'काही समाजघटकांत श्रमाची परंपराच क्षीण आहे. त्यांचे दारिद्र्य परिस्थितीतून नव्हे, तर स्वभावातून आलेले आहे. एकाच कामावर, एकाच जमिनीत, एकाच मोबदल्यावर काम करणाऱ्या दोन वस्त्यांची सोबतची आकडेवारी पुरेशी बोलकी आहे.' आणि त्याखाली हुकूम : टोळीमागे बारा ब्रासपेक्षा कमी काम करणाऱ्या टोळ्या एक एप्रिलपासून बंद. त्यांतल्या मजुरांना काम हवं असेल तर चौदा मैलांवरच्या खडीकेंद्रावर नाव नोंदवावं. शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात लिहिलं होतं : प्रत, सर्व जिल्ह्यांना.

"एकाच जमिनीत," इंद्रभान पुटपुटला.

"काय म्हणलं?"

"काही नाही."

एसटीनं परतताना त्यानं टिप्पणी पुन्हा वाचली. खडीकेंद्र त्यानं पाहिलं होतं. उघडा माळ, पाणी दोन दिवसांनी एकदा, आणि राहायला आपापली चटई. म्हातारी माणसं आणि लेकरं तिथं न्यायची कशी, आणि गावात ठेवायची तर त्यांना खाऊ कोण घालणार? इथं निदान कामावर खायला सुकडी तरी मिळत होती.

खालच्या आळीची मुकादम सोजराबाई. चाळिशीची, अंगानं काटक, तोंडानं त्याहून. तिनं इंद्रभानचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "भाऊ, चिखलीहून काय आणलं? तोंड तर असं केलं, जशी सरकारी मिलोची भाकर घशात अडकली."

त्यानं सांगितलं. अर्धं सांगून गप्प बसायचा त्याचा विचार होता, पण सोजराबाईपुढं अर्धं सांगता येत नसे.

तिनं टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "सून सातव्या महिन्यात हाय माझी. चौदा मैल तिले काय पाठीवर नेऊ?" आणि थोड्या वेळानं, "तो साहेब आला तवा आम्ही झोपलो होतो, हे खरं. पण तुम्ही त्याले सांगितलं नाही, आम्ही उठलो कवा?"

"त्यानं विचारलं नाही."

"न विचारता तुम्ही त्याले तक्ता तर लई सुंदर करून देला."

तक्ता साहेबानं मागून घेतलेला होता हे इंद्रभानला सांगायचं होतं. सांगून काही फरक पडला नसता, म्हणून त्यानं पुस्तक उघडलं.

त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागेना. एक तारखेआधी उपयोगी पडतील अशी शनिवारची दोनच मापं उरली होती. त्यातलं एक असंच गेलं : खालची आळी, पुन्हा नऊ. ओव्हरसियर मोटारसायकलवरून माप घ्यायला आला तेव्हा इंद्रभाननं त्याला बाजूला घेतलं. "साहेब, जमीन एक नाही. पश्चिमेले खडक हाय. तुम्हीच पाहिला."

"पाहिला. पण अंदाजपत्रकात मऊ आहे. मी आता कडक लिहिलं तर इतके दिवस काय करत होतास, म्हणून मलाच विचारतील."

"मग एक आठवडा आळ्या बदलून पाहतो. वरची पश्चिमेले, खालची पूर्वेले. जे निघंल ते निघंल."

ओव्हरसियरनं मोटारसायकलला किक मारली, मग परत बंद केली. "मी तुला हो म्हटलं नाही. लेखी तर नाहीच. मी शनिवारी येईन आणि जे समोर असेल ते मोजीन. बाकी तुझं तू."

रविवारी दुपारी त्यानं उकंडरावांना विचारलं. विचारल्याशिवाय करावं इतकी त्याची छाती नव्हती. उकंडराव ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खडक फोडायले आपली माणसं भीत नाहीत," ते म्हणाले. "पण पूर्वेले आपला पाण्याचा पिंप हाय. टँकर तिथंच उभा राह्यते. ती माणसं दिवसभर आपल्या पिंपाजवळ राह्यतील. आपल्या बायका पाणी कशा पितील?"

"भाऊ, पिंप त्यांचा त्यांच्यासंगं नेतो, आपला आपल्यासंगं."

"आज पिंप नेशील, उद्या विहिरीचं काढशील." उकंडराव हसले, पण अडकित्ता थांबला होता. "तुले आम्ही जागा देली, जेवायले बोलावलं. तू कोणाचा तक्ता सुधारायले निघाला?"

"चुकलेला माझाच हाय भाऊ."

"चुकला काय त्याच्यात? नऊ होते, नऊ लिहिले. तू खोटं लिहिलं काय?"

इंद्रभाननं खोटं काहीच लिहिलं नव्हतं, आणि तेच त्याला खात होतं. तो उठला तेव्हा उकंडराव म्हणाले, "मी उद्या चिखलीले चाललो. आल्यावर बोलू." म्हणजे नको, हे त्याला कळलं.

हजेरीची एक पद्धत असते. कारकून ओळीच्या तोंडाशी बसतो, नाव पुकारतो, आणि ज्याचं नाव जिथं पुकारलं त्यानं तिथं कुदळ लावायची. दुसरीकडं खणलेलं मोजलं जात नाही. हा नियम कुणी केला ते इंद्रभानला माहीत नव्हतं, पण तीनशे माणसं तो पाळत होती.

सोमवारी तो रोजच्यापेक्षा लवकर गेला. आपली पेटी पश्चिमेच्या टोकाला, खडकापाशी ठेवली आणि वरच्या आळीचं पान उघडलं. टाक त्यानं दोनदा शाईत बुडवला.

"झुंबरबाई निवृत्ती," त्यानं पुकारलं.

वरच्या आळीची माणसं पूर्वेला जमली होती. कुणी हललं नाही. "इकडं या ना बे कारकून, तिकडं काऊन बसले?" एकानं हाक दिली.

"या हप्त्यात वरच्या आळीची हजेरी इथं. खालच्या आळीची तिथं घेणार. झुंबरबाई निवृत्ती."

आता त्याचा आवाज बराच वर गेला होता. झुंबरबाई साठीची बाई, तिचा दिवस बुडणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं एकदा मागं बघितलं. उकंडराव तिथं नव्हते. तिनं टोपलं उचललं आणि तरातरा चालत आली. "आता इथं बसला तर इथं. माझा खाडा नोको मांडू, एवढं सांगते." तिच्यामागं तिची टोळी आली. मग दुसरी. दोन तरुण शिव्या देत घरी निघून गेले, आणि तासाभरानं परत आले. पिंप दोन्हीकडचे हलले. ज्या आळीचा, तिनंच उचलला.

पहिली कुदळ झुंबरबाईनंच मारली. ती परत उसळली. तिनं दुसरी मारली आणि मनगट धरून खाली बसली. "अव माय, हे तर कढईवर घाव घातल्यासारखं व्हते."

सोजराबाई आपली टोळी घेऊन पूर्वेला चालली होती. ती न थांबता म्हणाली, "त्या कढईत सहा महिने आम्हीच तळून राह्यलो, बाई. सवय व्हईल."

"तोंड सांभाळ, सोजरे."

"तोंड सांभाळूनच तर इथंवर आलो."

संध्याकाळी इंद्रभान खोलीवर गेला तेव्हा त्याची ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह ओसरीच्या बाहेर ठेवलेले होते. दाराला कुलूप. उकंडराव चिखलीहून परतून घरात होते, बाहेर आले नाहीत. तो सामान घेऊन शाळेच्या वऱ्हांड्यात गेला.

आठवडाभर त्याला धसका होता, की उद्या सकाळी उकंडराव स्वतः पूर्वेला येऊन उभे राहतील आणि सगळं मोडेल. ते आले नाहीत. का आले नाहीत, हे त्याला पुढंही नीट कळलं नाही. कदाचित खडकात आपली माणसं कमी पडणार नाहीत असं त्यांना खरंच वाटत असावं.

शनिवारी ओव्हरसियरनं टेप लावला. पूर्वेकडं टोळीमागे एकोणीस ब्रास. पश्चिमेकडं नऊ, आणि एका टोळीचे आठच. बुधवारपासून वरच्या आळीची माणसंही पहाटे चारला येत होती आणि दहाला बाभळीखाली आडवी होत होती. ओव्हरसियरनं ते पाहिलं आणि मापाच्या वहीत 'मऊ' या शब्दापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

इंद्रभाननं त्याच दुपारी नवा तक्ता केला. या वेळी सहा रकाने पाडले. सहाव्याचा मथळा : जमीन. खाली एक ओळ लिहिली, 'मागील तक्त्यात हा रकाना नव्हता. चूक माझी आहे,' आणि सही केली. एक प्रत घेऊन तो स्वतः चिखलीला गेला, दुसरी रजिस्टरनं मुंबईला पाठवली. अव्वल कारकुनानं वाचून कपाळाला हात लावला. "चूक माझी आहे, असं सरकारी कागदावर कोणी लिहिते काय रे? चूक झाली, असं लिहायचं. कोणाची, ते त्यांनी शोधायचं."

मग वाट पाहणं. अठ्ठावीस गेली, एकोणतीस, तीस. खालच्या आळीत काही घरांनी चटया बांधून ठेवल्या होत्या. सोजराबाई रोज हजेरीला विचारी, "कागद?" आणि तो नाही म्हणून मान हलवी. एकदा ती म्हणाली, "आला तर बरा नसंल, नाही आला तर पहिली तारीख हायच. दोन्हीकडून मरणच."

एकतीस तारखेला दुपारी कचेरीचा शिपाई सायकलवर आला. दोन कागद होते. पहिला असा : 'सदर कामावरील टोळ्या बंद करण्याचा निर्णय पुढील आदेशापर्यंत स्थगित.' इंद्रभाननं तो मोठ्यानं वाचला आणि पुन्हा वाचला, कारण मागच्या बायकांना ऐकू गेलं नव्हतं. कुणी जल्लोष केला नाही. सोजराबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पुढील आदेश म्हंजे कवा?" तिनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

दुसरा कागद त्यानं मनात वाचला. मुंबईहून आलेल्या अभिप्रायाचा त्यात उतारा होता. दोन आठवड्यांच्या आकड्यांत इतका फरक पडतो, याचा अर्थ कारकुनाची देखरेख विश्वासार्ह नाही. टोळ्यांची जागा विनापरवानगी बदलणं ही बेशिस्त होय. अशा व्यक्तीस कामावर ठेवू नये. शंकररावांना खडक तरीही दिसला नव्हता. कमीपणा कुणाच्या तरी स्वभावात असायलाच हवा होता, आणि या वेळी तो त्यांना इंद्रभानच्या स्वभावात सापडला.

पुस्तकं त्यानं दुसऱ्या दिवशी नव्या कारकुनाला मोजून दिली. नव्यानं पेटी कुठं ठेवायची ते विचारलं. इंद्रभान म्हणाला, "एक हप्ता इकडं, एक हप्ता तिकडं. असंच चालते इथं." खोटं होतं, पण नव्याला काय ठाऊक? जून लागेपर्यंत ते तसंच चाललं.

डोणगावात पुष्पाबाईनं दोन दिवसांनी विचारलं ते एवढंच, "अहो, तुम्हाले तिथंच चांगलं होतं ना? मग काऊन केलं?"

तो तेव्हा लिहीत बसला होता. टिप्पणीच्या तळाची ती ओळ त्याच्या डोक्यातून जात नव्हती. प्रत, सर्व जिल्ह्यांना. त्याचा पाच रकान्यांचा तक्ता सगळीकडं गेला होता आणि सहा रकान्यांचा कुठंच नाही. नगरला, बीडला, उस्मानाबादला कुणी साहेब तो पुढं ठेवून कुणाच्या टोळ्या बंद करत असेल, आणि तिथं हजेरीची पेटी उचलून दुसरीकडं ठेवणारा कुणी असेल की नाही, कोण जाणे. त्यानं हातानं पंचवीस प्रती काढल्या. रोज भावांसोबत वांगी तोडून आल्यावर दोन, फार तर तीन. एकेका जिल्ह्याच्या टंचाई शाखेच्या पत्त्यावर त्यानं त्या टाकल्या. तिकिटांसाठी पुष्पाबाईनं आपल्या डब्यातले पैसे काढून दिले, कुरकुरत.

महिनाभर काहीच आलं नाही. उन्हाळा संपत आला. मग एक कार्ड आलं, लांबच्या जिल्ह्यातून, त्याच्यासारख्याच कुण्या हजेरी कारकुनाचं. अक्षर घाईचं होतं.

'आपला तक्ता साहेबांनी माझ्याकडे पाठवला. आमच्या कामावरही खडक आहे. येथील टोळ्या एक एप्रिललाच बंद झाल्या. माणसे निघून गेली, कोठे ते कळले नाही. कळावे.'

इंद्रभाननं कार्ड पुष्पाबाईला वाचून दाखवलं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं हातातलं पीठ झटकलं आणि विचारलं, "किती माणसं होती हो?"

त्यानं कार्ड उलटून पाहिलं. मागं फक्त त्याचा पत्ता होता.